मंदिरातल्या भजनासाठी पॉवर्ड मॉनिटर: वीज कशी जोडावी, आवाज किती ठेवावा?

तुमचा प्रश्न असा: भजनी मंडळाने दोन पॉवर्ड मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे, आतच अॅम्प्लिफायर असलेले स्पीकर) घेतलेत, लावले की घूंऽऽ अशी गुणगुण येते, आवाज वाढवला की शिट्टी वाजते, आणि कुणीतरी सांगितलंय की प्लगची अर्थची पिन काढा, गुणगुण जाईल.

पिन काढू नका. बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल, पण एवढं आज मंडळातल्या सगळ्यांना सांगा. गुणगुण जाईलही, पण आत कुठे इन्सुलेशन गेलं तर पत्र्यावर उतरलेला करंट जमिनीत जायची वाटच उरत नाही. तो मग गाणाऱ्याच्या अंगातून जातो.

एका हरिनाम सप्ताहात मी हे पाहिलंय. बुवांनी माइक ओठाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. म्हणाले, मुंग्या येतात. मिक्सरच्या पत्र्याला मीटर लावला तर शंभराच्या आसपास व्होल्ट. मिक्सरचा प्लग तीन पिनांचा, पण खालचं एक्स्टेंशन दोन वायरींचं. म्हणजे अर्थ मध्येच तुटलेला. मिक्सरच्या आतल्या फिल्टरमुळे पत्र्यावर असा थोडा करंट नेहमीच उतरतो. अर्थ असला की तो तिथेच निघून जातो. त्या दिवशी फक्त मुंग्या आल्या. आत फेजची वायर पत्र्याला टेकली असती तर बुवा वाचले नसते.

म्हणून आधी गावातल्या वायरमनला बोलवा आणि मंदिराचा बोर्ड मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. मीटर कधीकधी फसवतो, म्हणून अर्थवर खरा लोड टाकून बघायलाही सांगा. हे काम त्याचंच, आपण हात घालायचा नाही. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर वर्गणीतून आधी ती बसवा, नवा माइक नंतर.

मिक्सर आणि दोन्ही मॉनिटर एकाच बोर्डावरून, एकाच फेजवर चालवा. मिक्सर मांडवाच्या जनरेटरवर आणि मॉनिटर मंदिराच्या लाइनवर, असं करू नका. तुमची गुणगुण बहुतेक अशाच दोन वेगळ्या अर्थमधून येत असणार. लोडची काळजी नको: १६ अँपिअरच्या पॉइंटवर ३,६०० वॉटच्या वर बसतात, आणि खोक्यावर छापलेले वॉट बहुधा पीकचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल जोराचे असतात, मॉनिटर सरासरीने त्यापेक्षा बरेच कमी ओढतो. एक्स्टेंशन तीन वायरींचं, २.५ स्क्वेअर एमएमचं घ्या आणि ड्रमवर असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते.

एवढं करूनही गुणगुण राहिली तर इलाज सिग्नलच्या बाजूला करायचा. मिक्सरपासून मॉनिटरपर्यंत बॅलन्स्ड एक्सएलआर केबल (माइकला असते तशी तीन पिनांची, गुणगुण आपोआप खोडणारी) लावा. मोबाइल किंवा लॅपटॉप जोडल्यावरच घूं येत असेल तर मध्ये डीआय बॉक्स (अशा उपकरणांचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी छोटी डबी) टाका आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबा. ते बटण सिग्नलची ग्राउंड तोडतं, विजेचा अर्थ जागेवरच राहतो.

आता लेव्हल. मॉनिटरच्या मागचा स्विच ‘लाइन’वर ठेवा. बऱ्याच ठिकाणी तो ‘माइक’वर राहून गेलेला असतो आणि मग आवाज फाटतो म्हणून मॉनिटरला दोष जातो. मागचा नॉब मधल्या खुणेवर ठेवा. मॉनिटरकडे किती आवाज जायचा हे ठरवणारे मिक्सरवरचे नॉब म्हणजे ऑक्स. ऑक्स मास्टर शून्याच्या खुणेवर, चॅनेलचे ऑक्स पूर्ण बंद, आणि ऑक्स प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या (सरकत्या दांडीच्या) आधीच सिग्नल घेणारा; नाहीतर लोकांसाठी फेडर हलवला की बुवांच्या कानातला आवाजही हलेल. मग बुवांना खरोखर गायला लावा, ‘हॅलो चेक’ नको. अभंगाच्या वरच्या जागेला मिक्सरवरचा मीटर शून्याच्या आसपास जाईल इतका गेन (माइकचा सिग्नल वाढवणारा नॉब) द्या, १०० हर्ट्झचा लो-कट (खालची घरघर कापणारं बटण) दाबा, आणि त्यांचा ऑक्स हळूहळू उघडा. ते मान हलवतील तिथे थांबा. शिट्टीची चाहूल लागली तर तिथून तीन-चार डेसिबल खाली या.

मॉनिटरमध्ये काय घालायचं, हे मला नॉबपेक्षा महत्त्वाचं वाटतं. टाळ अजिबात नको, ते शेजारीच वाजतायत. पखवाज नावापुरता. पेटी मात्र द्या, कारण टाळांच्या गजरात गाणाऱ्याला हरवतो तो सूर. बुवांना स्वतःचा आवाज आणि पेटी नीट आली की ते घसा ताणत नाहीत, आणि दोन तासांचं भजन शेवटच्या गजरापर्यंत खणखणीत राहतं.

शिट्टीचा मोठा भाग जागेवर ठरतो. साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माइकच्या शेपटीच्या दिशेला ठेवा. सुपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद ऐकणारा, पण मागचंही थोडं घेणारा) असेल तर अगदी मागे नको. माइकच्या तोंडापासून सुमारे १२५ अंशांवर, थोडा बाजूला. दगडी भिंतींच्या गाभाऱ्याकडे मॉनिटरचं तोंड नको. आणि माइकची जाळी मुठीत धरायची नाही, हे कोरसमधल्या मुलांना प्रेमाने सांगा. मुठीने माइकची दिशाच बिघडते आणि लगेच शिट्टी येते.

चालू करताना मिक्सर आधी, मॉनिटर शेवटी. बंद करताना मॉनिटर आधी. भजन संपल्यावर आवराआवरीच्या घाईत कुणी थेट बोर्डाचं बटण दाबतं, म्हणून हे काम एकाच माणसाकडे द्या.