यकृताचा सल्ला : त्रास नाही, तरी हिपॅटायटिस बी

प्रश्न : वय ३४, पुरुष. रक्तदानानंतर रक्तपेढीने हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असल्याचे कळवले. कावीळ, ताप काही नाही. एसजीपीटी (यकृताच्या पेशींतले एन्झाइम) ३८, लॅबच्या कागदावर ४५ पर्यंत नॉर्मल. माझे शरीर विषाणूशी लढतच नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हा विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही, तुमच्याच प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी मारतात. विषाणू शिरलेल्या पेशींवर त्या तुटून पडल्या की दाह होतो आणि फुटलेल्या पेशींतले एसजीपीटी रक्तात उतरते. मोठेपणी लागण झाली तर हा हल्ला जोरदार असतो. कावीळ होऊ शकते, पण १०० पैकी ९५ जण विषाणू घालवतात. जन्मतः आईकडून लागण झालेल्या बाळांत हा विरोध फारच क्षीण असतो. लस न मिळालेल्या अशा १०० बाळांपैकी सुमारे ९० जणांत विषाणू मुक्काम ठोकतो. तुमची लागण कधीची, हे एका चाचणीवरून ठरत नाही. सहा महिन्यांनीही एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाची चाचणी) पॉझिटिव्ह आली, तर ती जुनाट समजतात.

३८ वर मात्र निर्धास्त राहू नका. अनेक यकृततज्ज्ञ पुरुषांसाठी ३५ आणि स्त्रियांसाठी २५ हीच मर्यादा धरतात. चरबी किंवा दारूनेही आकडा वाढतो, म्हणून सोनोग्राफी, एचबीई अँटिजन (विषाणूचे आणखी एक प्रथिन), एचबीव्ही डीएनए (रक्तातले विषाणूचे प्रमाण) आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या. डीएनए २००० आययू प्रति मिलीच्या खाली आणि एसजीपीटी खरोखर नॉर्मल, असे वर्षभरात तीन-चार वेळा दिसले तरच विषाणू शांत आहे म्हणता येते. दाह लाटांसारखा येतो-जातो, एका रिपोर्टात तो निसटतो. दोन्ही आकडे चढे राहिले तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या विषाणूरोधक गोळ्यांचा विचार होतो. काविळीच्या झाडपाल्याच्या वाटेला जाऊ नका. काही औषधी वनस्पतींनीच यकृत बिघडते.

आणखी एक मोठा धोका प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा. केमोथेरपी, रिटुक्सिमॅब (काही कर्करोग व संधिवातावरचे इंजेक्शन) किंवा काही आठवड्यांचे प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू झाले की प्रतिकारशक्ती दबते आणि विषाणू मोकाट वाढू शकतो. पुढे प्रतिकारशक्ती परतली की सगळा हल्ला एकदम होतो, यकृत निकामीही होऊ शकते. म्हणून अशा उपचारांआधी डॉक्टरांना हे सांगाच. विषाणूरोधक गोळी आधीच सुरू करता येते.

पत्नी आणि मुलांची एचबीएसएजी, अँटी-एचबीसी (पूर्वी लागण झाल्याची खूण) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडे) तपासा. संरक्षण नसेल तर लस ०, १ आणि ६ महिन्यांनी. पत्नीची अँटी-एचबीएस शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी पुन्हा पाहा, १० एमआययू प्रति मिलीच्या वर हवी. तोवर कंडोम वापरा. रेझर, नेलकटर, टूथब्रश वेगळे ठेवा. ताटे वेगळी करायचे कारण नाही.