पहिल्याच भेटीत मोजून ठेव

अगं, मिरजेहून डिस्चार्ज घेऊन पेशंट सांगलीत घरी आला की पहिल्याच भेटीत बार्थेल इंडेक्स भर, म्हणजे रोजची कामं पेशंट स्वतः किती करतो याचा गुणतक्ता. जेवण, अंघोळ, संडास, पलंगावरून खुर्चीत बसणं अशा 10 गोष्टी, एकूण गुण 100. हे राहिलं तर महिन्याने फरक दाखवणार कशावरून? ‘जमतं का?’ एवढंच विचारू नकोस. रोज प्रत्यक्ष काय करतात ते बघ. सुना-मुली मायेपोटी घास भरवतात आणि आजोबा स्वतः जेवतात म्हणून सांगतात. बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने झालेली जखम, असेल तर तिची लांबी, रुंदी, खोली दर आठवड्याला सेंटिमीटरमध्ये लिही, पेशंटला दरवेळी त्याच कुशीवर वळवून. कूस बदलली की जखमेचा आकारही वेगळा दिसतो. बीपी, शुगर तू लिहितेसच. थकलेल्या पेशंटचे गुण नुसते टिकले, तरी मी ते चांगलं काम मानते.