अमेरिकेची स्पेस फोर्स, म्हणजे अंतराळ सेना, खासगी कंपन्यांना नुसती कंत्राटंच देते, की खरंच सोबत काम करते?

कंत्राटं तर असतातच, पण ‘व्हिक्टस नॉक्स’ ही मोहीम बघा, म्हणजे फरक कळेल.

सेनेपुढचा प्रश्न सरळ होता: लढाईत एखादा उपग्रह निकामी झाला, तर बदली उपग्रह किती लवकर वर धाडता येईल? एरवी या तयारीत महिनोन्‌महिने जातात. इथे मिलेनियम स्पेस सिस्टिम्स या कंपनीने उपग्रह बनवला, फायरफ्लाय या दुसऱ्या कंपनीने अल्फा रॉकेट दिलं आणि दोघांना सांगितलं, तयार राहा, तारीख नंतर कळेल. इशारा मिळाल्यावर उपग्रह ट्रकमध्ये घालून कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडोहून सुमारे २६५ किलोमीटरवरच्या व्हॅन्डनबर्ग तळावर नेला. नेमकी कक्षा कुठली, हेसुद्धा उड्डाणाच्या आदेशासोबतच कळलं! त्यानंतर चोवीस तासांत मार्गाचं गणित, रॉकेटवर जोडणी, इंधन, सगळं उरकायचं. आदेशानंतर २७ तासांनी, १४ सप्टेंबर २०२३ ला, रॉकेट उडालं आणि पुढच्या ३७ तासांत उपग्रह कामाला लागला. आधीच्या अशाच प्रयोगाला २१ दिवस लागले होते.

गंमत म्हणजे अल्फाचं हे जेमतेम तिसरं उड्डाण. पहिलं २०२१ मध्ये हवेतच फुटलं होतं. अशा नवख्या रॉकेटवर सेनेने भिस्त ठेवली, हीच मला यातली खरी भागीदारी वाटते.

आपल्याकडे २०२२ मध्ये गांधीनगरच्या डिफेन्स एक्स्पोत संरक्षणासाठीच्या अंतराळ तंत्रज्ञानाचं ‘मिशन डेफस्पेस’ जाहीर झालं. त्यात सेनादलांच्या ७५ अडचणी खासगी उद्योगांपुढे सोडवायला ठेवल्या होत्या.