आधी खाटा, मग बाके : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांविषयी वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या विषयावर पत्रे येत आहेत. कुणाला जुना इतिहास हवा आहे, कुणाला आपल्या गावातल्या रुग्णालयाची काळजी आहे. त्यांतल्या काही पत्रांना ही उत्तरे.

प्रश्न : आमच्या जिल्हा रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. पाटी बदलली, डीन आले, पण डोक्याला मार लागलेला रुग्ण अजूनही रात्री शंभर किलोमीटरवर पाठवतात. मग बदलले काय? (एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, तिची कारणेही ठरावीक आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या मानकांनुसार एमबीबीएसच्या ५० जागांसाठी २२० खाटा लागतात, १०० जागांसाठी ४२० आणि १५० जागांसाठी ६०५. ४२० खाटांची विभागणी पाहिली की चित्र स्पष्ट होते. मेडिसिन १००, सर्जरी १००, प्रसूती-स्त्रीरोग ५०, बालरोग ५०, अस्थिरोग ४०, अतिदक्षता २० आणि उरलेल्या खाटा डोळे, कान-नाक-घसा, त्वचा, मानसोपचार यांना. यात मेंदूची शस्त्रक्रिया कुठेही नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायची कॅथलॅबही नाही. एमबीबीएसच्या मानकाला त्यांची गरजच नसते. म्हणून महाविद्यालय सगळ्या अटी पूर्ण करत असले, तरी डोक्याचा मार तिथे थांबत नाही. ती सोय व्हायला अतिविशेषोपचाराची वेगळी पदे मंजूर व्हावी लागतात.

दुसरे कारण माणसांचे. जुन्या मेडिकल कॉलेजात रात्री वॉर्ड चालवतात ते निवासी डॉक्टर आणि इंटर्न. नव्या ठिकाणी इंटर्न मिळायला पहिल्या तुकडीची साडेचार वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पदव्युत्तर जागा सुरू झालेल्या नसतील, तर तोपर्यंत बंधपत्रित सेवेतल्या एमबीबीएस डॉक्टरांवर भागवावे लागते आणि त्यांची वर्षभराची मुदत संपली की पुन्हा पदे रिकामी होतात. अध्यापकांचेही तसेच. १०० जागांना सुमारे ८५ अध्यापक लागतात. ते जुन्या महाविद्यालयांतून बदलीने किंवा प्रतिनियुक्तीने आणले, की इथली संख्या जमते आणि तिथला विभाग उघडा पडतो. आयोगाची तपासणी पार पडल्यावर माणसे मूळ जागी परततात, हा या व्यवस्थेचा जुना आजार आहे. आधारशी जोडलेली हजेरी आणली गेली ती त्यामुळेच.

तिसरे, इमारतीच्या पोटातल्या गोष्टी. शंभराहून अधिक खाटांच्या रुग्णालयाला दर खाटेमागे रोज ४५० लिटर पाणी लागते, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे ४२० खाटांना जवळपास १ लाख ९० हजार लिटर. जुने जिल्हा रुग्णालय निम्म्या खाटांच्या हिशेबाने बांधलेले असते. खाटा वाढतात, टाक्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, धुलाईघर आणि निर्जंतुकीकरणाची यंत्रे तेवढीच राहतात. मग शस्त्रक्रियागृह तयार असूनही दुपारनंतर निर्जंतुक कपडे संपतात आणि ठरलेली ऑपरेशने दुसऱ्या दिवसावर जातात.

बदलले काय, हे जोखायचे असेल तर चारच गोष्टी विचारा. रात्री भूलतज्ज्ञ आवारात हजर असतो का? रक्तपेढी चोवीस तास चालू आहे का? अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला परिचारिका किती? मंजूर पदांपैकी नियमित, कंत्राटी आणि प्रतिनियुक्तीवरची भरलेली पदे किती, तेही वेगवेगळे? शेवटची माहिती माहितीच्या अधिकारात मिळते. रुग्णालयाच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या अभ्यागत समितीवर तुमच्या भागातले कुणी असेल, तर हे प्रश्न त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या. तोंडी विचारले की उत्तरही तोंडीच मिळते.

प्रश्न : मुंबईत १८२६ मध्येच वैद्यकीय शाळा निघाली होती, असे वाचले. मग ग्रँट मेडिकल कॉलेजला १८४५ पर्यंत का थांबावे लागले? (एक शिक्षिका, डोंबिवली)

उत्तर : एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना ती शाळा निघाली. सर्जन जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते. शिकवणे मराठी आणि गुजरातीतून होते आणि त्यासाठी मॅक्लेनन यांनी पुस्तके भाषांतरित केली. तो उद्योग मोठाच होता. पण शिकवण्याचा सारा भार मुख्यतः एका माणसावर, शाळेचे स्वतःचे रुग्णालय नाही आणि शवविच्छेदन नाही. पुस्तकातले यकृत आणि पोटावर हात ठेवून चाचपलेले यकृत यांत जे अंतर असते, ते ओलांडायला विद्यार्थ्यांना जागाच नव्हती. १८३२ मध्ये सरकारने शाळा बंद केली.

रॉबर्ट ग्रँट १८३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आले आणि त्यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. चार्ल्स मोरहेड या तरुण डॉक्टरने त्यांना साथ दिली. पहिली शाळा का बुडाली याची चौकशी झाली, जिल्ह्यांतल्या डॉक्टरांची मते मागवली गेली आणि योजना ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपर्यंत पोहोचली. ९ जुलै १८३८ रोजी ग्रँट दापोडीला वारले. त्यांच्या स्मारकासाठी मुंबईकरांनी वर्गणी जमवली आणि ती महाविद्यालयासाठी वापरायचे ठरले.

मात्र या कहाणीतला कळीचा माणूस आमच्या मते जमशेटजी जीजीभॉय. त्यांनी रुग्णालयासाठी एक लाखाहून अधिक रुपये दिले आणि कंपनी सरकारला त्यात आपली भर घालावी लागली. भायखळ्याला या रुग्णालयाची, म्हणजे आजच्या जे. जे.ची, पायाभरणी ३ जानेवारी १८४३ ला झाली, महाविद्यालयाची ३० मार्चला. दोन्ही इमारती एकाच आवारात, आणि दोन्हींचे काम सुरू झाले १८४५ मध्ये. प्राचार्य झालेले मोरहेड स्वतः वॉर्डात शिकवत. १८५१ मध्ये पहिले आठ जण उत्तीर्ण झाले. भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग आणि अनंत चंद्रोबा हे त्यांतलेच. मुंबई विद्यापीठ तेव्हा जन्मालाही आले नव्हते, ते आले १८५७ ला. म्हणून या आठ जणांच्या नावापुढे ‘ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज’ याची आद्याक्षरे लागत.

मराठी अगदीच मागे पडली असे नाही. इंग्रजीतून पदवी रुळल्यावर मराठी-गुजरातीतूनही वर्ग काढले गेले. या वेळी शेजारी रुग्णालय होते.

प्रश्न : सर्वांत जुने वैद्यकीय महाविद्यालय गोव्याचे, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. खरे आहे का? (म्हापसा)

उत्तर : पणजीची पोर्तुगीज वैद्यकीय शाळा ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ १८४२ ची, म्हणजे ग्रँटपेक्षा तीन वर्षांनी मोठी. कलकत्ता आणि मद्रास मात्र १८३५ चे. तरीही गोव्याच्या दाव्याला आधार आहे, कारण जुन्या गोव्यातल्या राजरुग्णालयात वैद्यकीय शिक्षणाची सुरुवात १६९१ पर्यंत मागे जाते. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, एस्कोलाचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि पुढे ते बांबोळीला गेले. मांडवीकाठची जुनी इमारत आता चित्रपट महोत्सवाच्या कामी येते.

प्रश्न : मुलीला नव्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळते आहे. पण ‘मान्यता अजून व्हायची आहे’ असे सांगतात. पदवी ग्राह्य राहील ना? (वाशी)

उत्तर : राहील. परवानगी आणि मान्यता हे दोन वेगळे टप्पे आहेत. आधी राज्य सरकारचे आवश्यकता प्रमाणपत्र आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नतेची संमती घेऊन आयोगाकडे अर्ज जातो. तपासणीनंतर आयोग प्रवेशाची परवानगी देतो आणि पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत ती वर्षागणिक पुढे चालू ठेवतो. पदवीची मान्यता येते ती पहिली तुकडी अंतिम परीक्षेला बसते तेव्हा. त्याआधी ती कुणालाच मिळत नाही, त्यामुळे ‘अजून व्हायची आहे’ यात काळजीचे काही नाही.

आयोगाच्या यादीत महाविद्यालयाचे नाव आणि त्या वर्षीच्या जागांची संख्या पाहा. प्रवेश सीईटी कक्षाच्या फेरीतूनच घ्या. वसतिगृह तयार आहे की भाड्याच्या इमारतीत आहे, हे स्वतः जाऊन पाहून या. मुलांना पहिल्या वर्षी सर्वाधिक त्रास त्याचाच होतो. जमले तर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसा. १०० जागांच्या महाविद्यालयाला रोज ८०० रुग्ण अपेक्षित असतात. नोंदणीच्या खिडकीवर रांग असेल, तर शिकायला मिळेल.

प्रश्न : मुंबईत जे. जे. असताना महापालिकेने परळला केईएम का काढले? (परळ)

उत्तर : हिंदी, म्हणजे भारतीय, डॉक्टरांना शिकवायला जागा मिळावी म्हणून. जे. जे.ला जोडलेल्या ग्रँट कॉलेजातल्या प्राध्यापकाच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी वैद्यकीय सेवेच्या अधिकाऱ्यांकडे जात. इंग्लंडहून उत्तम पदव्या घेऊन आलेल्या हिंदी डॉक्टरांनाही तिथे वर चढता येत नसे. या रागातूनच नायर रुग्णालयाजवळचे नॅशनल मेडिकल कॉलेज १९२१ मध्ये निघाले होते. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी दिली ती अट घालूनच : शिकवणारे सगळे हिंदी असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत. महापालिकेने सातव्या एडवर्डच्या स्मारकाचे रुग्णालय, म्हणजेच केईएम, बांधले आणि त्याच्याशी गोरधनदासांच्या नावाचे महाविद्यालय जोडले. १९२६ मध्ये दोन्ही उभी राहिली. इमारतीचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, ते पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

जागा गिरणगावात निवडली, हे आम्हाला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाचे वाटते. गिरण्यांतले अपघात, चाळींतला क्षय, बाळंतपणे, सगळे दारात. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी इथे भारतातले पहिले हृदयरोपण केले. जगातले पहिले हृदयरोपण करणाऱ्या बर्नार्डच्या शस्त्रक्रियेला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला. ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून इथेच टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. आज खाटा सुमारे १,८०० आहेत आणि तरीही वॉर्डात जमिनीवर गाद्या घालाव्या लागतात, कारण इथे महाराष्ट्रातूनच नव्हे, उत्तर प्रदेश-बिहारमधूनही रुग्ण येतात.

प्रश्न : आजोबा पुण्याच्या बी. जे. त शिकले. त्यांच्या पाटीवर ‘एल.सी.पी.एस.’ होते, एमबीबीएस नाही. ते पूर्ण डॉक्टर नव्हते का? (सातारा)

उत्तर : पूर्ण डॉक्टर होते. ससून रुग्णालय १८६७ चे, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले. त्याला जोडलेली होती ती बी. जे. मेडिकल स्कूल, म्हणजे शाळा. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांना विद्यापीठाची पदवी नसे. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची परीक्षा देऊन ते ‘लायसेन्शिएट’ होत. अभ्यासक्रम पदवीपेक्षा लहान होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्यांत पहिला ॲलोपॅथी डॉक्टर असा एल.सी.पी.एस.च होता. प्लेग, मलेरिया, अडलेली बाळंतपणे ही कामे त्यांनी सायकलीवरून फिरून केली.

डॉक्टरांच्या दोन पायऱ्या नकोत, एकच पदवी असावी, असे देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात म्हटले. त्याच वर्षी बी. जे. शाळेचे महाविद्यालय झाले. खाटा, वॉर्ड आणि रुग्ण ससूनमध्ये आधीच होते, म्हणून हे स्थित्यंतर पार पडले. जुन्या लायसेन्शिएटांना पुढे शिकून एमबीबीएस होण्याची वाटही ठेवली होती. आजोबांनी ती घेतली नाही, एवढाच त्या पाटीचा अर्थ.

प्रश्न : आईने नव्या महाविद्यालयाकडे देहदानाचा अर्ज भरला आहे. ऐनवेळी काय करायचे? (जालना)

उत्तर : आईंना आमचा नमस्कार सांगा. दर वर्षी शंभर मुले शरीररचनाशास्त्र शिकायला बसतात. एका टेबलाभोवती दहा जण धरले तरी दहा देह लागतात, आणि नव्या महाविद्यालयांना ते मिळवताना फार ओढाताण होते.

अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही. त्या वेळी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. एका भावाने नको म्हटले तरी महाविद्यालय देह घेत नाही. तेव्हा घरात सगळ्यांशी आताच बोलून ठेवा. शरीररचनाशास्त्र विभागाचा आणि रात्रीच्या अपघात विभागाचा असे दोन्ही नंबर लिहून ठेवा. शववाहिका कोण पाठवणार, हे आधीच विचारा. डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्या. मृत्यू रुग्णालयात झाला तर ते नमुना ४ मध्ये मिळते, घरी झाला तर ४-अ मध्ये. आईची आणि संमती देणाऱ्या नातेवाइकाची आधार प्रत बरोबर ठेवा. नेत्रदान करायचे असेल तर ते आधी, चार ते सहा तासांच्या आत. त्यानंतर देहदान करता येते. देह सहा-आठ तासांत पोहोचवावा. उन्हाळ्यात त्याहून लवकर.

शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. कारण असे : मांडीतली मोठी धमनी उघडून तिच्यातून फॉर्मॅलिन, ग्लिसरीन आणि स्पिरिटचे कित्येक लिटर मिश्रण सावकाश सोडतात आणि ते बारीक रक्तवाहिन्यांतून बोटांच्या टोकांपर्यंत जावे लागते. शवविच्छेदनात रक्तवाहिन्या कापल्या गेल्या असतील तर द्रव छाती-पोटातच गळतो, हातपाय कोरडे राहतात आणि कुजतात. पोलिसांकडे गेलेली अपघाताची प्रकरणे, एचआयव्ही, कावीळ-बी, क्षय किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तरीही नकार येतो. तसे झाले तर अंत्यसंस्काराची दुसरी तयारी घरच्यांनी मनात ठेवलेली बरी.

देह ताब्यात दिल्यावर विभाग लेखी पावती देतो. ती जपून ठेवा. मृत्यूची नोंद करायला नगरपालिकेत जाल, तेव्हा स्मशानाच्या पावतीऐवजी हीच दाखवायची असते.