वाचकांचे प्रश्न : ‘आयोनिया’ आणि ‘यवन’

प्रश्न : प्राचीन ग्रीक इतिहासातील ‘आयोनिया’ या प्रदेशनामाचा अर्थ काय? ‘यवन’ हा शब्द त्यावरूनच आला, हे खरे आहे का?

उत्तर : दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे, मात्र ‘यवन’ हा शब्द प्रदेशाच्या नावावरून नव्हे, तर तेथील लोकांच्या नावावरून आला. आयोनिया म्हणजे आयोनी लोकांचा प्रदेश. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याचा मधला पट्टा आणि समोरची खिऑस व सामोस ही बेटे त्यात मोडत. मिलेटस आणि इफेसस ही तेथील नामांकित नगरे.

हे लोक आयोन नावाच्या मूळपुरुषाचे वंशज, असे ग्रीक सांगत. युरिपिडीसच्या नाटकात तो अपोलोचा पुत्र आहे. परंतु असे मूळपुरुष बहुधा लोकनामावरून मागाहून कल्पिलेले असतात (महाभारतानेही यवनांना तुर्वसूचे वंशज ठरवले आहे), म्हणून शब्दाच्या जुन्या रूपांची साक्ष अधिक मोलाची मानावी. ‘इलियड’च्या तेराव्या सर्गात या लोकांना ‘इआओनेस’ म्हटले आहे आणि त्यामागे ‘इआवोनेस’ हे आणखी जुने रूप आहे. क्रीट बेटावरील क्नोसॉस येथे सापडलेल्या, ‘लिनिअर बी’ या अतिप्राचीन ग्रीक लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर या रूपाशी जुळणारा शब्द आढळतो. आयोनी बोलीतून पुढे ‘व’ हा ध्वनी नाहीसा झाला. हिब्रू ‘यावान’ आणि संस्कृत ‘यवन’ या शब्दांत तो टिकून राहिला, ही मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात इराणच्या कुरुश सम्राटाने आयोनिया जिंकला. इराणी लोक या किनाऱ्यावरच्या ग्रीकांना ‘यौन’ म्हणत, आणि तेच नाव त्यांनी सर्व ग्रीकांना लावले. अशोकाच्या शिलालेखांत ग्रीकांना ‘योन’ म्हटले आहे, तर कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत.

‘इआवोनेस’ या शब्दाच्या मूळ अर्थाविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही, त्यामुळे एकच एक व्युत्पत्ती ठामपणे सांगणाऱ्या लेखनावर विसंबू नये. तसेच ग्रीस आणि इटली यांच्यामधील आयोनियन समुद्राचा या प्रदेशाशी संबंध जोडू नये. ग्रीकमध्ये त्या नावातील ‘ओ’ ऱ्हस्व आहे, तर आयोनियातील दीर्घ आहे. शिवाय प्राचीन ग्रीक कथा समुद्राचे नाव ईओ या कन्येवरून पडल्याचे सांगते.