नागपुरात मनपाच्या प्राथमिक शाळेचा निकाल आणि तिथे येणारी मुलं, हे आधी कसं कळेल?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलीला घराजवळच्या मनपा शाळेत पहिलीत घालायच्या आधी शाळेचा निकाल आणि 'कुठल्या घरची मुलं येतात' ते पाहता येईल का. पट, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या, पाहता येतो, निकाल नाही. यू-डायसच्या, म्हणजे शाळांची सरकारी माहिती ठेवणाऱ्या पोर्टलवर शाळेचा अकरा अंकी क्रमांक टाकला (आपल्या जिल्ह्याचे 2709 ने सुरू होतात) की इयत्तावार पट, माध्यम, शिक्षक, स्वच्छतागृहं सगळं दिसतं. गुणांचा रकाना त्यात नाही, शोधत बसू नका.

'कुठल्या घरची मुलं' यासाठी पाहायचे ते प्रवर्गाचे आकडे. ते वाचताना नागपुरात एक चूक हमखास होते. पोर्टलवर सामाजिक प्रवर्ग वेगळा आणि अल्पसंख्याक वेगळे मोजतात. म्हणजे धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती अशी नोंद असलेलं मूल दोन्हीकडे येतं. समजा इंदोऱ्याच्या बाजूला 60 पटाच्या शाळेत अशी 45 मुलं आहेत. दोन्ही आकडे जोडले की 90 होतात, आणि लोक म्हणतात माहितीच खोटी. विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास मुलांना तिथे स्वतंत्र रकाना नाही, त्यामुळे ती बहुधा ओबीसीत मिसळलेली असतात. कोष्टी विशेष मागास प्रवर्गात येतात, तेव्हा कोष्टी वस्तीतल्या शाळेचा ओबीसी आकडा फुगलेला दिसला तर दचकू नका.

आता पट घटण्याचं. यावर लोक वाट्टेल ते बोलतात. पट 30 सप्टेंबरचा धरतात, म्हणजे दिवाळीच्या आधीचा. बांधकामावर आलेल्या छत्तीसगडी कुटुंबांची मुलं दिवाळीला गावी जातात, त्यातली काही परतत नाहीत, आणि कागदावर पट तोच राहतो. दुसरं, 2019-20 ची पहिली आणि 2023-24 ची पाचवी शेजारी ठेवून 28 ची 11 झाली म्हणून शाळा बुडाली, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. अहो, आधी हे पाहा की शाळा चौथीपर्यंतच आहे का! आणि पाचवी असली तरी खासगी अनुदानित हायस्कुलं पाचवीपासूनच सुरू होतात. पट टिकला नाही तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात तेव्हा, पद जातं, म्हणून तिथले गुरुजी उन्हाळ्यात वस्त्यांमध्ये दारोदार फिरून चौथी झालेली मुलं गोळा करतात. चार वर्षं वाचायला शिकवलं मनपाच्या बाईंनी, दहावीच्या निकालाचा फलक लागतो दुसऱ्याच शाळेच्या दारात. म्हणून तुलना चौथीपर्यंतच करा. पहिलीतली किती मुलं चौथीत त्याच शाळेत आहेत, हा आकडा मला कुठल्याही टक्केवारीहून जास्त सांगतो.

प्रगतिपत्रकातल्या श्रेणींवर विसंबू नका. पहिली-दुसरीत 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे वर्गशिक्षकाच्या नोंदींचा असतो. ब-1 श्रेणी म्हणजे 71 ते 80 टक्के, आणि अर्धा वर्ग तिथेच सापडतो. 12 मुलांच्या वर्गात एक मूल नापास झालं की निकाल 8 टक्क्यांनी पडतो, तेव्हा टक्केवारीला अर्थच उरत नाही. वरच्या इयत्तांत पायाभूत चाचणी आणि दोन संकलित मूल्यमापनं, म्हणजे सत्राच्या परीक्षा, होतात, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीची. ते गुण मुख्याध्यापकांकडे असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांच्यातल्या कुणाला गाठून विचारा. शिष्यवृत्तीचे यशस्वी किती हे सांगितलं तर वर्गातले बसले किती, हेही विचारा. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचे आकडे तोंडावर फेकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की ती पाहणी ग्रामीण भागाची आहे, नागपूर शहर त्यात येतच नाही.

स्वतः तपासायचं असेल तर तिसरीतल्या मागच्या बाकावरच्या चार मुलांना दुसरीच्या बालभारतीतला न शिकवलेला उतारा वाचायला द्या. पहिल्या बाकावरची नकोत, ती पाहुण्यांसाठी तयार असतात.

आणि 'तिथे पोरंच तशी येतात' हे वाक्य. आमच्या घरातल्या लग्नात-बारशात हा वाद ठरलेला. ज्यांच्या शाळेत प्रवेशाआधी आईवडिलांची मुलाखत होते (कायद्याने बंदी आहे, तरी होते), त्यांनी मनपाशी निकालाची तुलना करूच नये. निवडून घेतलेली मुलं शिकवण्यात कसली आली मर्दुमकी, राजेहो?

एक मात्र खरं, आणि ते मी आधीच सांगायला हवं होतं. 60 पटापर्यंत दोनच शिक्षक मंजूर होतात. म्हणजे पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसरीत, आणि त्यातले एक गुरुजी जनगणना-निवडणुकीच्या कामाला गेले की चारही वर्ग एकत्र. पहिलीचं मूल यात सगळ्यात आधी मागे पडतं. तेव्हा शाळेत गेलात की पहिलीला वेगळ्या बाई आहेत का, हे आधी विचारा.