नवी बॅटरी टाकली तरी गाडी उठत नाही

प्रश्न : पेट्रोल गाडी आहे, सहा वर्षं झाली. दिवाळीत नवी बॅटरी टाकली तरी तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता टक-टक करतो, मग सोसायटीतली पोरं बोलवून धक्का. बॅटरीवाला म्हणतो डायनॅमो गेलाय, वायरमन म्हणतो बॅटरीच डुप्लिकेट आहे. कुणाचं ऐकू? मध्ये एक स्टिरिओ बदललाय, बाकी गाडीला हात लावलेला नाही.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोघांचं राहू द्या, आधी मीटर लावा. साधा डिजिटल मल्टीमीटर चालतो. सकाळी सेल्फ मारायच्या आधी टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर बॅटरी भरलेली, १२.० च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग गाडी चालू करून बघा, साधारण १३.८ ते १४.५ दाखवत असेल तर बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो ठीक आहे. आणि चालू गाडीत बॅटरीची केबल काढून बघणारा मिस्त्री भेटला तर हात जोडा, त्यात ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो.

माझा संशय तुमच्या स्टिरिओवरच आहे. त्याची पिवळी वायर कायम सप्लायवर असते, मेमरीसाठी, आणि लाल चावीवर यायला पाहिजे. घाईत बसवणारे दोन्ही एकत्र पिळून टेप मारतात, मग चावी काढली तरी तो आतून करंट खातच राहतो.

खात्री करायची तर निगेटिव्ह केबल काढून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर लावायचा, प्रोब १० अँपिअरच्या होलमध्ये, दारं बंद, गाडी लॉक, आणि अर्धा तास थांबायचं कारण गाडीतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत. मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३०० दिसले तर दिवसाला सात अँपिअर-अवर गेले, ३५ ची बॅटरी चार दिवसांत बसणारच की! मग गाडीचा एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा धाडकन पडेल ती लाईन चोर. (डिकीचा दिवाही बघा, झाकण लावल्यावर विझतो का ते.)

एवढ्या वेळा तळाला गेलेली बॅटरी थोडी मार खातेच, त्यात आपल्याकडचा उन्हाळा. वायरिंग दुरुस्त झालं की चार्जरवर सावकाश फुल करून, चार्जर काढून एक रात्र ठेवा, तरी १२.४ च्या खाली आली तर वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात जा.